जाळ्याचे मणी वारंवार चिरतात: दोष साच्याचा नसून शिशाचा, आणि चांगले शिसे कोठून आणावे

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की पंचगंगा, भोगावती आणि कुंभीच्या काठच्या गावांत माळ्यावरची फेकजाळी खाली उतरतात आणि त्यांच्या घेराला लावायच्या शिशाची शोधाशोध सुरू होते. त्याच सुमारास माझ्याकडे दरवर्षी एकच तक्रार येते. घरी ओतलेला मणी दोरीवर दाबताना चिरतो, किंवा त्या दिवशी नीट बसतो पण पंधरा दिवसांनी भेगाळून गळून पडतो, किंवा साच्यातून निघतानाच खडबडीत आणि अर्धवट निघतो. तक्रार करणारा बहुधा साच्याला दोष देतो, नाही तर आच कमी पडली असे म्हणतो. मी अनेक वर्षे स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या जाळ्यांसाठी मणी ओतत आलो आहे. बहुतेक वेळा दोष साच्यातही नसतो आणि आचेतही नसतो. तो भंगारातून आणलेल्या शिशातच असतो. जे शिसे मणी बिघडवते तेच पुष्कळदा ओतणाऱ्याच्या प्रकृतीलाही बाधते, म्हणून या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच केला पाहिजे.

आपला मणी बोटाच्या पेराएवढा असतो आणि त्याला लांबीच्या बाजूने एक खाच असते. खाचेत दोरी ठेवून पक्कडीने दोन्ही ओठ दाबले की मणी दोरीला घट्ट बिलगतो. हे दाबणे सहन करण्यासाठी शिसे निवळ आणि मऊ लागते. निवळ शिशावर अंगठ्याच्या नखाने ओरखडा उमटतो, ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि पोलादी चेंडू दाबून धातूचा कठीणपणा मोजण्याची जी ब्रिनेल पद्धत आहे तिच्यात त्याचा आकडा ५ च्या आसपास येतो. ठासणीच्या बंदुकीचा परवाना असलेले शेतकरीही अशाच मऊ शिशाची चौकशी माझ्याकडे करतात. शिशाच्या पारखेपुरते पुढील सर्व त्यांनाही लागू आहे. मात्र बंदुकीची गोळी ओतणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याचा आणि परवान्यातील अटींचा प्रश्न आहे, आणि त्याची विचारणा त्यांनी प्रथम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी करावी, एवढेच मी सांगतो.

बिघाड ओळखताना मणी कसा मोडला हे बारकाईने पाहावे. दाबताच ओठ तुटला आणि तुटलेली कड फोडलेल्या कणीदार गुळासारखी रवाळ व चमकदार दिसली, तर शिशात अँटिमनी (शिसे कठीण करण्यासाठी मिसळतात तो ठिसूळ धातू) आहे असे समजावे. निवळ शिसे असे तुटत नाही; ते ताणले जाते, पातळ होते आणि मग अनिच्छेने फाटते. अँटिमनीचे प्रमाण शेकडा तीन असले तरी शिशाचा कठीणपणा सुमारे दुप्पट होतो.

पंधरा दिवसांनी चिरणारा मणी अधिक फसवा असतो, कारण ओतण्याच्या दिवशी तो मऊच वाटतो. अँटिमनी आणि त्यासोबत किंचित आर्सेनिक असलेले शिसे ओतल्यानंतर काही दिवस, कधी दोन आठवडे, आपोआप कठीण होत जाते. गरम मणी लवकर निवावा म्हणून पाण्यात टाकला तर ते आणखी कठीण होते. सोमवारी ओतून मंगळवारी दाबलेला मणी चांगला बसतो आणि त्याच घाण्यातला उरलेला मणी महिन्याने जाळे दुरुस्त करताना चिरतो, तेव्हा माणूस गोंधळून जातो आणि साचा बदलतो. नवीन घाण्यातला एक मणी तीन आठवडे बाजूला ठेवून मग दाबून पाहिला, तर हा दोष साचा न बदलताच कळतो.

तिसरा बिघाड जस्ताचा. त्यात मणी मुळात भरतच नाही. कडा गोल राहतात, अंगावर सुरकुत्या पडतात, आणि कढईतला रस वाहता न राहता पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसा दिसू लागतो.

हा धडा मला महागात मिळाला. तीन वर्षांपूर्वी एका भंगार दुकानातून मी गाडीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावतात ती वजने आठ किलो घेतली आणि निवडण्याचा कंटाळा करून ती सगळी एकदम कढईत टाकली. त्यांत वडिलांच्या जुन्या जाळ्यातून काढलेले तीन किलो उत्तम मऊ शिसेही घातले. थोड्या वेळाने रसावर काही फिकट तुकडे न वितळता तरंगताना दिसले. जस्त वितळते ४१९ अंशांना, तोवर ते बहुतांशी असे तरंगत राहते, आणि त्याच क्षणी झाऱ्याने ते काढून टाकले असते तर काहीच बिघडले नसते. मला वाटले आच कमी पडते आहे. मी शेगडी मोठी केली. पाच मिनिटांत तुकडे दिसेनासे झाले आणि अकराच्या अकरा किलो शिसे मण्यांसाठी निकामी झाले. शिशातून जस्त वेगळे काढणे कारखान्यात जमते, घरच्या कढईत जमत नाही. वडिलांच्या जाळ्याचे शिसे गेले याची हळहळ मला आजही आहे, आणि म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो की वितळवून पाहणे ही शिशाची परीक्षा नव्हे. परीक्षा थंड तुकड्याचीच करावी.

कोणते शिसे घ्यावे

सर्वांत चांगले शिसे आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या जुन्या जाळ्यात असते. ते एकदा दोरीवर दाबून बसलेले आहे, म्हणजे ते मऊ आहे याचा पुरावा त्याच्या अंगावरच आहे. कुजलेले जाळे जाळून शिसे मोकळे करण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. नायलॉनचा धूर आणि शिशाची राख दोन्ही वाईट. दोरी कापून मणी हाताने सोडवावेत.

त्यानंतर मी नवीन शिशाचे नाव घेईन, जरी बहुतेकांना तो खर्च अनाठायी वाटतो. धातूच्या व्यापाऱ्याकडे शुद्ध शिशाच्या लाद्या जीएसटीच्या पावतीसह मिळतात. आपल्या देशात राजस्थानातील हिंदुस्थान झिंकचे शिसे ९९.९९ टक्के शुद्धतेचे असते. एक लादी साधारण २५ किलोची असल्याने चार-पाच जणांनी मिळून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला एका जाळ्यापुरते शिसे येते. भंगाराच्या भावाशी तुलना करताना वाया गेलेला घाणा, गॅस आणि निवडण्यात गेलेला रविवार हेही हिशेबात धरावेत. मी धरले, आणि तेव्हापासून निम्मे शिसे नवीनच घेतो.

जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांच्या सांध्यांत तागाची दोरी ठासून वर शिसे ओतलेले असे आणि ते हातोडी-छिन्नीने ठोकून बसवलेले असे. ठोकून बसवायचे म्हणजे ते मऊच असणार, आणि तसे ते असतेही. जुन्या टेलिफोन केबलच्या अंगावरचे शिशाचे कवचही बऱ्यापैकी मऊ असते. परंतु या दोन्ही वस्तू सार्वजनिक मालमत्तेतून चोरीला जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. लिलावात माल घेतल्याची कागदपत्रे जो भंगारवाला दाखवू शकतो, त्याच्याकडूनच ते घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. पावती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडचे शिसे कितीही मऊ असले तरी मी हात लावत नाही.

चाकांच्या वजनांबद्दल सरसकट हो किंवा नाही असे सांगता येत नाही. पत्र्याच्या आकड्याने रिमला अडकवायची जुनी वजने अँटिमनीयुक्त शिशाची असत. चिकटपट्टीने लावायची पट्टीसारखी वजने बहुधा मऊ शिशाची असत. आता दोन्ही प्रकारांत पोलाद आणि जस्त सर्रास आले आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या टायर दुकानांत पिंपभर वजने साठलेली असतात आणि दुकानदार ती आनंदाने देतात, पण त्यांतला प्रत्येक तुकडा हातात घेऊन निवडण्याची तयारी नसेल तर ती आणूच नयेत. लोहचुंबकाला चिकटेल ते पोलाद. कटरने चिमटा घेतल्यावर पाते आत रुतले तर शिसे, नुसते घसरले तर जस्त. फरशीवर टाकल्यावर शिसे थप्प असा बसका आवाज करते आणि जस्त किणकिणते. निवडून उरलेल्या आकड्यांच्या वजनांचे मणी दाबायचे नसतील, म्हणजे आरपार भोक असलेले आणि दोरीत ओवायचे असतील, तर ते उत्तम होतात. उलट कठीणपणामुळे खडकाळ पात्रात कमी झिजतात.

छापखान्याचे जुने खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, मात्र मण्यांसाठी घेऊ नयेत. हाताने खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांचे दिवस संपल्यावर कोल्हापुरातही खिळ्यांच्या पेट्या भंगारात गेल्या, आणि अधूनमधून त्यांतली एखादी अजून बाहेर येते. तो धातू शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू आहे आणि तो मुद्दामच कठीण केलेला आहे, कारण हजारो वेळा दाबला जाऊनही अक्षराची कड बोथट होता कामा नये. त्याचा दाबायचा मणी होणार नाही. शिवाय मराठी खिळ्यांची पूर्ण पेटी हाती लागली तर ती वितळवण्यापेक्षा एखाद्या संग्रहालयाला किंवा महाविद्यालयाला देणे मला अधिक योग्य वाटते.

जी भंगारे हाताळूच नयेत

गाडीची किंवा इन्व्हर्टरची जुनी बॅटरी हे सर्वांत सहज मिळणारे शिसे आहे आणि सर्वांत वाईटही. तिच्यातले बरेचसे शिसे धातुरूपात नसतेच. ते शिशाच्या संयुगांच्या लगद्यात असते आणि घरच्या आचेवर त्याचा रस होत नाही, नुसता विषारी मळ होतो. तिच्यात गंधकाम्ल असते. पट्ट्यांत अँटिमनी, कॅल्शियम आणि कधीकधी आर्सेनिक असते, आणि अशा शिशाच्या कॅल्शियमयुक्त मळाला नंतर ओल लागली तर आर्सिन आणि स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात परड्यात टाकलेल्या मळाला ओल लागणार नाही असे कोण म्हणेल? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणेही जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडेच परत जायला हवी. तिथे तिचे पैसे मिळतात. त्या पैशांचे नवीन शिसे घ्यावे.

दुसरी गोष्ट कमी वेळा घडते, पण ती अधिक भयंकर आहे. रुग्णालयातील क्ष-किरण खोलीच्या भिंतीतून किंवा दारातून निघालेला शिशाचा पत्रा चांगला मऊ असतो, आणि क्ष-किरणांमुळे शिसे किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु शिशाचे जाड बुडाचे भांडे, झाकणाचा डबा किंवा ठोकळ्यात भोक असलेली वस्तू दिसली, तर ती कर्करोगावरील उपचारांत किंवा ओतीव वस्तूंच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी स्रोताचे आवरण असू शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या औद्योगिक वसाहती असलेल्या आपल्या शहरात ओतीव वस्तूंची गॅमा किरणांनी तपासणी ही अनोळखी बाब नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात काय झाले ते आठवावे: दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने उपकरण तिथे फोडले गेले, त्यातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ उघडा पडला, अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. ते उपकरण फोडणाऱ्यांना आत काय आहे याची कल्पना नव्हती. म्हणून पिवळ्यावर तीन पात्यांचे किरणोत्साराच्या धोक्याचे चिन्ह असो वा नसो, अशी वस्तू उचलू नये, कापू नये, घरी आणू नये. लांब व्हावे, इतरांना लांब करावे आणि ११२ वर कळवावे. पुढे अणुऊर्जा नियामक मंडळाचे लोक ते पाहतात.

वितळवण्यापूर्वीची परीक्षा

नखाचा ओरखडा ही पहिली चाचणी, पण ती ढोबळ आहे. मी एक नवीन शुद्ध शिशाचा तुकडा नमुना म्हणून जपून ठेवला आहे. संशयित तुकडा आणि हा नमुना यांच्यामध्ये बेअरिंगची एक पोलादी गोळी ठेवून तिन्ही व्हाइसमध्ये हळूहळू आवळतो. दोन्ही बाजूंना समान बळ लागते, त्यामुळे दोन्हींवर समान रुंदीचे खळगे पडले तर शिसे नमुन्याइतकेच मऊ. नमुन्यावर ६ मिलिमीटरचा आणि दुसऱ्यावर ४ मिलिमीटरचा खळगा पडला, तर या रुंदींच्या वर्गांचे गुणोत्तर घ्यावे: ३६ भागिले १६ म्हणजे सव्वादोन, म्हणून तो तुकडा सुमारे सव्वादोन पट कठीण. दाबायच्या मण्यांसाठी मी दीडपटीच्या पुढे जात नाही.

जस्ताचा संशय असेल तर वजन आणि आकारमान तपासावे. शिशाची घनता ११.३४, जस्ताची ७.१४. अर्धा किलो शिसे मोजपात्रातील पाणी ४४ मिलिलिटरने चढवते, तर तेवढेच जस्त ७० ने. पन्नाशीच्या पुढे पाणी चढले की ते शिसे मी बाजूला ठेवतो. ही चाचणी थोडेसे अँटिमनी पकडू शकत नाही, त्यासाठी गोळीचीच चाचणी हवी. चाचणीचे मोजपात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, आणि ओला झालेला तुकडा त्या दिवशी कढईजवळही आणू नये.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहितो. अंगणात वळवात भिजलेली एक लादी वरून कोरडी दिसली म्हणून मी ती वितळलेल्या शिशात सोडली. तिच्या एका चिरेत पाणी होते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. कढईतले शिसे छपराच्या पत्र्यापर्यंत उडाले आणि माझ्या बाहीवर त्याचे थेंब चिकटले. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत चामड्याचे मोजे होते म्हणून निभावले. तेव्हापासून पहिला भर थंड कढईतच ठेवतो, पुढचे तुकडे कढईच्या काठावर तापवून मगच आत सोडतो, आणि जून ते सप्टेंबर ओतकाम बंद ठेवतो.

कढई बिडाची किंवा पोलादी असावी. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेले घेतले तर निवडून काढलेले जस्त आपणच परत घातल्यासारखे होते, आणि ॲल्युमिनियमचे पातेले तापून मऊ पडते. रस ४०० अंशांच्या आत ठेवावा. त्यासाठी शे-दोनशे अंशांपुरता नव्हे तर पाचशेपर्यंत मोजणारा तापमापक घ्यावा. एवढ्या आचेवर शिशाची वाफ फार होत नाही. अधिक धोका असतो तो रसावर जमणाऱ्या करड्या सायीच्या, म्हणजे मळाच्या, भुकटीचा, कारण ती हाताला, कपड्याला आणि जमिनीला लागून शेवटी पोटात जाते.

आपल्याकडे ती पोटात जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्या कोणी मनावर घेत नाही. काम चालू असताना त्याच तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो. आणि पक्कड सापडली नाही की मणी सरळ दातांनी दाबला जातो. नदीवर तर मी हे दरवर्षी पाहतो. दोन्ही सवयी ताबडतोब बंद कराव्यात. शरीरातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून ओतकाम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे, मुले आणि गरोदर स्त्रिया आसपास नसाव्यात, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावू नये. जो दरवर्षी ओततो त्याने डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

ज्यांचा घाणा आधीच बिघडला आहे त्यांनी तो फेकू नये. अँटिमनीचे शिसे असेल तर त्यात दुप्पट मऊ शिसे मिसळून एकच मणी ओतावा, तीन आठवडे थांबावे आणि मग दाबून पाहावे. चिरला तर उरलेल्याचे ओवायचे मणी करावेत. जस्त मिसळले असेल तर मात्र त्यात चांगले शिसे घालत बसू नये, मी तेही करून पाहिले आहे. त्याच्या लाद्या पाडून त्यांवर ‘जस्त’ असे छिन्नीने कोरावे, म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक होणार नाही, आणि त्या मळाच्या बंद डब्यासह शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत कारखान्याला माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे द्याव्यात. मळ नदीत, शेतात किंवा उकिरड्यावर टाकू नये. चांगल्या लाद्यांवर मी वर्ष आणि ‘जाळे’, ‘नवे’ किंवा ‘चाक’ असा एक शब्द कोरून ठेवतो. पुढच्या वळवाला कोणती लादी मण्यांना आणि कोणती ओवायच्या वजनांना, हे कढई तापवण्यापूर्वीच ठरलेले असते.